पावसाळ्यात रीफ टँकची अल्कलिनिटी का घसरते आणि ती कशी थोपवायची

पाऊस नीट लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या रीफ टँकवाल्यांची, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल पाळणाऱ्यांची, एक तक्रार ठरलेली असते: अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा (हॉबीच्या भाषेत केएच), टिकत नाही. मे महिन्यात ८ ते ८.५ डीकेएचवर (हे तिचं एकक) स्थिर असलेला टँक जुलैत ६ वर येतो. बफर, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारं रसायन, घातलं की चढतो, दोन दिवसांत पुन्हा उतरतो. कॅल्शियम मात्र ठीकच दिसतं. मग सॉल्ट मिक्स बदलून पाहिलं जातं, नवीन टेस्ट किट मागवलं जातं, दुकानदार एखादी महागडी बाटली हातात ठेवतो. ऑक्टोबरात पाऊस गेला की सगळं आपोआप जागेवर येतं आणि श्रेय त्या शेवटच्या बाटलीला मिळतं. पुढच्या जुलैत पहिले पाढे पंचावन्न.

दरवर्षी त्याच महिन्यात येणाऱ्या दोषाचं कारण सॉल्टच्या पिशवीत शोधून उपयोग नाही. बहुतेक टँकमध्ये ते बाष्पीभवनात असतं. पण तिथे जाण्याआधी आकड्यांचा एक हिशेब समजून घ्यावा लागेल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

कॅल्शियम खरंच ठीक आहे का?

हार्ड कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कवचवाले शिंपले, टर्बोसारख्या गोगलगायी आणि खडकांवर चढणारं जांभळं-गुलाबी कोरॅलाइन शेवाळही तेच वापरतात. त्यामुळे टँकमधून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात उतरतात: २.८ डीकेएच गेली की २० पीपीएम (दहा लाखात २० भाग) कॅल्शियम जातं. म्हणजे १ डीकेएचमागे फक्त ७ पीपीएम.

आता साठा किती आहे ते बघा. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारतेच्या नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम असतं, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच. कॅल्शियमची कोठी भरलेली आहे, अल्कलिनिटीचा डबा लहान आहे. अल्कलिनिटी ८ वरून ६ वर आली तर चौथा हिस्सा गेला. त्याच काळात कॅल्शियम ४२० वरून ४०६ वर आलं. घरगुती किटमध्ये ४२० आणि ४०६ यातला फरक रंग बदलण्याच्या एखाद-दुसऱ्या थेंबाइतका असतो, तो नजरेतूनही सुटतो.

म्हणून ‘कॅल्शियम ठीक आहे, फक्त केएच पडते’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. दोन्ही बरोबरच पडत असतात, दिसते एक. या निदानावर विसंबून कोणी दोन महिने नुसता सोडा घालत राहिलं तर केएच सावरते, पण कॅल्शियम रोज थोडं थोडं खाली सरकतं आणि गणपतीच्या सुमारास ३५० चा आकडा समोर येतो. त्यावर घाईघाईत कॅल्शियमचा मोठा डोस जातो, पाणी दुधाळ होतं, आणि आता एकाच्या जागी दोन प्रश्न उभे राहतात.

जुलैत काय बदलतं

आपल्याकडे बरेच जण चुन्याच्या निवळीवर, हॉबीच्या भाषेत काल्कवर, टँक चालवतात. त्यात चूक काही नाही. निवळीतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी अगदी योग्य प्रमाणात मिळतात, पीएचही वर राहतो आणि खर्च नगण्य. पद्धत साधारण अशी: दिवसभरात जेवढं पाणी उडून जातं, तेवढी निवळी ऑटो टॉप-अपच्या, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या, टाकीतून सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) येते. म्हणजेच डोस किती जायचा हे तुम्ही ठरवत नाही, बाष्पीभवन ठरवतं.

एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या हॉलमध्ये टँक थंड ठेवायला पृष्ठभागावर छोटे पंखे लावलेले असतात. पंखा पाणी उडवूनच गारवा देतो. कोणाकडे दुपारी एसी चालतो, त्याने हवा कोरडी होते आणि पाणी आणखी उडतं. जुलैत हवेतच एवढा दमटपणा असतो की पंखा चालू असला तरी पाणी फारसं उडत नाही, आणि पाणी थंडच असल्याने बरेच जण पंखे बंदही करतात.

आकड्यांत सांगतो. संपृक्त निवळीची अल्कलिनिटी सुमारे ११२ डीकेएच असते. समजा, टँक आणि सम्प मिळून खरं पाणी २०० लिटर आहे. मे महिन्यात रोज ३ लिटर पाणी उडत असेल तर ३ गुणिले ११२ भागिले २००, म्हणजे रोज जवळपास १.७ डीकेएच मिळते. जुलैत उडणारं पाणी १ लिटरवर आलं तर मिळणारी अल्कलिनिटी ०.५६. कोरलची भूक मात्र जवळजवळ तीच. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा अशा हार्ड कोरलने भरलेला टँक असेल तर रोजची तूट १ डीकेएचच्या वर जाते. केएच खाली आली की कोरलची वाढच मंदावते, त्यामुळे घसरण एका पातळीवर थांबते. पण ‘६ वर स्थिर झाली’ याचा अर्थ कोरलने वाढ आवरती घेतली एवढाच आहे.

हे आपल्याला लागू आहे का हे तपासायला काही विकत आणावं लागत नाही. टॉप-अपच्या टाकीवर मार्करने लिटरच्या रेघा मारा आणि रोज ठरावीक वेळी किती पाणी गेलं ते वहीत लिहा. शेजारी केएच लिहा, तीही रोज त्याच वेळी मोजून, कारण दिवसा दिव्याखाली कोरल जास्त वेगाने सांगाडा बांधतात आणि सकाळ-रात्रीच्या आकड्यांत फरक पडू शकतो. उडालेलं पाणी आणि केएच एकत्र खाली जात असतील तर निदान झालं. चिलरवर चालणाऱ्या, काचेचं झाकण असलेल्या टँकमध्ये बाष्पीभवन वर्षभर साधारण सारखंच असतं. तिथे हा प्रकार सहसा दिसत नाही, त्यांनी खालच्या ‘कारण बाष्पीभवन नसेल तर’ या भागाकडे जावं.

उपाय: डोस आणि टॉप-अप वेगळे करा

माझ्या मते कायमचा उपाय हाच आहे. निवळी सोडायची गरज नाही, पण तिचं प्रमाण पावसाळ्यातल्या कमीत कमी बाष्पीभवनाएवढंच ठेवा, वरच्या उदाहरणात रोज १ लिटर, आणि ती वेगळ्या डोसिंग पंपाने हळूहळू, शक्यतो रात्री सोडा. उरलेला टॉप-अप साध्या आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या, पाण्याचा. आता ऋतू कोणताही असो, निवळी रोज तेवढीच जाईल. राहिलेली भूक टू-पार्टने, म्हणजे अल्कलिनिटी आणि कॅल्शियमच्या दोन वेगळ्या द्रावणांनी, भागवा.

टू-पार्ट घरी बनवता येतं आणि हिशेब सोपा ठेवता येतो. एका भांड्यात ६० ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. दुसऱ्यात ५२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, एकूण १ लिटर. दोन्हीसाठी आरओ-डीआय पाणीच. आता प्रत्येकी ५० मिली दिलं की १०० लिटर पाण्यात १ डीकेएच आणि ७ पीपीएम कॅल्शियम वाढतं. दोन्ही नेहमी सम प्रमाणात द्यायची, म्हणजे प्रमाण बिघडतच नाही. २०० लिटरमध्ये रोजची तूट १.१ डीकेएच असेल तर रोज ११० मिली हे आणि ११० मिली ते, चार-सहा भागांत विभागून. लिटर मोजताना टँकवर लिहिलेला आकडा धरू नका. खडक आणि वाळूने जागा घेतलेली असते.

बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, ती टँकमध्ये जाता कामा नये. पीएच कमी राहत असेल तर सोड्याऐवजी सोडियम कार्बोनेट वापरा, लिटरला ३८ ग्रॅम. परिणाम तोच, पीएच मात्र वाढतो. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशांवर तासभर भाजला की त्याचं कार्बोनेट होतं. दोन्ही द्रावणं एकाच जागी, एकाच वेळी ओतायची नाहीत. जिथे प्रवाह जोरात आहे तिथे एक, त्यानंतर निदान अर्ध्या तासाने दुसरं. शेजारी शेजारी पडली तर तिथेच पांढरा साका धरतो, आणि घातलेलं दोन्ही वाया जातं.

केएच ६ वरून एका रात्रीत ८.५ करण्याचा मोह आवरा. दिवसाला १ डीकेएचच्या वर चढवू नका, अर्धी चढवली तर आणखी चांगलं. रोजचा खर्च त्याशिवाय वेगळा द्यायचा असतो, हे बरेच जण विसरतात आणि मग ‘एवढं घालूनही चढत नाही’ म्हणतात.

ज्यांना टॉप-अपमधूनच निवळी चालू ठेवायची आहे, त्यांनी निदान दसऱ्याच्या सुमारास सावध राहावं. ऑक्टोबर हीटमध्ये बाष्पीभवन अचानक वाढतं. पावसाळ्यात सुरू केलेलं टू-पार्ट तसंच चालू राहिलं तर अल्कलिनिटी ११-१२ वर जाते, आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असलेल्या टँकमध्ये ॲक्रोपोराची टोकं जळायला तेवढं पुरतं. वहीत पाण्याचा आकडा वाढताना दिसला की त्याच दिवसापासून टू-पार्ट उतरवायला लागा.

निवळी कमजोर तर नाही ना

लिटरभर पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतं. २ ग्रॅम घालून ढवळा, उरलेलं तळाशी बसू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच वापरा. तळाचा गाळ सम्पमध्ये जाता कामा नये. भांड्याला झाकण हवंच, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की पृष्ठभागावर सायीसारखा पापुद्रा धरतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; तेवढी ताकद निवळीतून गेली. टाकीत एअर स्टोन सोडून निवळी सतत ढवळत ठेवणारे पाहिले आहेत. ते निवळी मारत असतात. पानाला लावायचा चुना स्वस्त आहे म्हणून वापरू नका. त्यात काय काय मिसळलं आहे ते कळत नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा हातमोजे घाला, डोळे सांभाळा आणि घरात लहान मूल असेल तर भांडं उंचावर, कुलपात ठेवा.

पाण्याचाही थोडा विचार करा. मोरबे किंवा भातसा धरणाचं पाणी मुळात मृदू आहे, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर ते जड असू शकतं, आणि पावसाळ्यात टँकर बंद झाला की तुमच्या नळाचं पाणीच बदलतं. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे ते टॉप-अपला चालत नाही. आरओनंतर डीआय रेझिन लावा आणि टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) शून्य दिसल्याशिवाय पाणी वापरू नका.

दमट हवेत कॅल्शियम क्लोराइड

हा दोष पावसाळ्यातलाच आहे आणि फार कमी जणांच्या लक्षात येतो. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी अधाशासारखं ओढून घेतं. कपाटात ओल धरू नये म्हणून ज्या डब्या टांगतात आणि ज्यांच्या तळाशी पाणी जमतं, त्यांत बहुधा हेच असतं. जूनमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टपर्यंत चिकट होते, खडे बनतात. तुम्ही इमानेइतबारे ५२ ग्रॅम मोजता, त्यातला बराच भाग पाणी असतो. सोड्याचं द्रावण पूर्ण ताकदीचं, कॅल्शियमचं अर्धमेलं. अशा टँकमध्ये केएच टिकते आणि कॅल्शियम हळूहळू उतरतं.

बाटली उघडल्या दिवशीच सगळी विरघळवून टाका. ५०० ग्रॅम डायहायड्रेटचं एकूण २ लिटर द्रावण करा आणि घट्ट बुचाच्या कॅनमध्ये ठेवा. त्यातलं सुमारे २१० मिली घेऊन १ लिटर केलं की वर सांगितलेलं द्रावण तयार. द्रावण टिकतं, वजनाचा घोळ उरत नाही. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात ‘फ्यूज्ड’ किंवा ‘ॲनहायड्रस’ असं लिहिलेली बाटलीही मिळते. ती जास्त तीव्र असते, ५२ ग्रॅमच्या जागी ३९ ग्रॅम पुरतं, आणि विरघळताना पाणी चांगलंच तापतं. काचेच्या बरणीत उकळतं पाणी घालून तिचं द्रावण करू नका.

सॉल्ट मिक्सची पिशवीही याच हवेत दगड होते. उघडी पिशवी हवाबंद ड्रममध्ये ठेवा आणि पाणी बनवताना वजनावर न जाता क्षारता मोजूनच थांबा.

कारण बाष्पीभवन नसेल तर

सगळ्यात आधी क्षारता. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तपासा. क्षारता ३५ ऐवजी ३२ असेल तर कॅल्शियम ४१५ च्या जागी ३८० दिसणारच आणि मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात कमी येणार. तिथे कॅल्शियम घालणं हे उत्तर नाही. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) भरून वाहत असेल आणि त्याची भरपाई टॉप-अप गोड्या पाण्याने करत असेल तर क्षारता अशीच हळूहळू उतरते.

दुसरं मॅग्नेशियम. डोस जातो, तरी केएचही चढत नाही, कॅल्शियमही नाही, हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर पांढरा थर बसतो, वाळू कडक होऊन ढेकळं धरतात: हे कोरल खात नाहीत, पाण्यातच चुना बसतो आहे. मॅग्नेशियम स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटून त्याची वाढ रोखतं. ते १२०० च्या खाली गेलं की ही राखण ढिली पडते. १०० लिटरमध्ये १०० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ८४ ग्रॅम लागतं. ते काही दिवसांत विभागून द्या. १२५० ते १३५० च्या मध्ये आलं की मगच बाकीचे डोस वाढवायचा विचार करा. पंप आणि हीटर बंद करून, बाहेर काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की थर सुटतो.

तिसरी शक्यता अशी की अल्कलिनिटी खरोखरच एकटी पडते आहे. नायट्रेट चढतं आहे का बघा. अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते. नायट्रेट ५० पीपीएम वाढलं तर २.३ डीकेएच गेलेली असते आणि कॅल्शियमला धक्काही लागलेला नसतो. नव्या टँकमध्ये, किंवा खाणं जास्त पडणाऱ्या टँकमध्ये हे दिसतं.

टेस्ट किटवर शंका असेल तर दुसरं किट आणण्याआधी प्रमाण द्रावण घरीच बनवा. २.४ ग्रॅम खाण्याचा सोडा १ लिटर आरओ-डीआय पाण्यात. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. याची केएच ८ डीकेएच असते. किट ७.७ किंवा ८.३ दाखवत असेल तर ठीक. ९.५ दाखवत असेल तर इतके दिवस त्या आकड्यावर घेतलेले निर्णय पुन्हा तपासा. कुरिअरच्या गाडीत उन्हात तापलेले रिएजंट, म्हणजे किटमधली रसायनं, बिघडलेले निघतात.

डोसिंग पंपाची रबरी नळी दबून दबून सैल होते आणि पडद्यावर ५० मिली दिसत असताना बाहेर ४० येतं. मोजपात्रात धरून महिन्याला एकदा पाहा. निवळीच्या नळीचं तोंड चुन्याने बुजतं, तेही त्याच वेळी बघा. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल तर पंपाचं घड्याळ बरोबर आहे का, आणि वीज आल्यावर दोन्ही डोस एकाच वेळी तर सुटत नाहीत ना, हे एकदा समोर उभं राहून तपासावं.

खिडक्या बंद असतील तर पीएचवर जाऊ नका

पावसाची झड आत येते म्हणून घर दिवसभर बंद, आत चार माणसं, गॅसवर स्वयंपाक. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच ७.८ पर्यंत उतरतो. अल्कलिनिटी कमी झाली म्हणून पीएच पडला असं समजून बफर घालायला लागलात तर अल्कलिनिटी चढते, पीएच मात्र जिथल्या तिथे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अल्कलिनिटी तीच असतानाही पीएच सुमारे ०.३ ने खाली येतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, पागोळ्यांचं पाणी ओढणार नाही अशा बेताने. ७.८ पीएच आणि ८ डीकेएचवर कोरल जगतात, वाढतात. ८.३ पीएचच्या मागे लागून केएच १२ वर नेलेल्या टँकचे मात्र हाल होतात.

आणि केएच चुकून १२-१३ वर गेलीच असेल, तर आम्ल घालून ती खाली आणू नका. अल्कलिनिटीचे डोस थांबवा, कॅल्शियम कमी असलं तरी त्या दिवशी घालू नका, मॅग्नेशियम तपासा आणि दिवे-प्रवाह जसे आहेत तसे राहू द्या. कोरल आपल्या गतीने ती खाली आणतात. रोज मोजत राहा, ९ च्या जवळ आली की पूर्वीच्या निम्म्या डोसने सुरुवात करा आणि आठवडाभरात रोजच्या खर्चाला डोस जुळवून घ्या.